वेशीवरचा कर : महाराष्ट्रातील जकात आणि नगरांची तिजोरी

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या इतिहासात निवडणुका, सभासदांची संख्या आणि अध्यक्षांचे अधिकार यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या मानाने या संस्थांच्या पैशाचा इतिहास उपेक्षित राहिला आहे. वास्तविक एखादी नगरपालिका कितपत स्वतंत्र होती हे ठरवायचे असेल, तर तिच्या सभागृहात किती लोकनियुक्त सभासद बसत होते यापेक्षा तिच्या खर्चाचा किती भाग तिने स्वतःच्या अधिकारात बसवलेल्या करांतून भागत होता, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. कर बसवण्याचे अधिकार आणि खर्चाच्या जबाबदाऱ्या वरच्या सरकारने खालच्या संस्थांकडे सोपवणे याला वित्तीय विकेंद्रीकरण म्हणतात, आणि गेल्या दीडशे वर्षांचा भारतीय अनुभव असा आहे की जबाबदाऱ्या जितक्या सहज खाली उतरल्या तितक्या सहज कर उतरले नाहीत. महाराष्ट्रातील नगरांपुरता या नियमाला एक मोठा अपवाद होता, तो जकातीचा. नगराच्या हद्दीत वापरासाठी, उपभोगासाठी किंवा विक्रीसाठी येणाऱ्या मालावर हद्दीवरच घेतला जाणारा हा कर अर्थतज्ज्ञांनी सतत नापसंत केला, व्यापाऱ्यांनी सतत चुकवला आणि सरकारी समित्यांनी वारंवार मोडीत काढण्याची शिफारस केली. तरीही नगरांनी तो दीड शतक सोडला नाही. त्या चिवटपणाची कारणे शोधू लागले की स्थानिक संस्थांना आपल्याकडे खरोखर काय मिळाले आणि काय मिळाले नाही, याचा हिशेब हाती येतो.

मालाच्या वाहतुकीवर कर घेण्याची पद्धत या प्रदेशात इंग्रजांनी आणली नाही. मराठेशाहीत जकात हे सरकारी उत्पन्नाचे जमीन महसुलाखालोखाल ओळखीचे अंग होते आणि तिचे स्वतंत्र शब्दभांडार होते : माल जेथे खरेदी होऊन भरला जाई तेथे घेतली जाणारी थळभरीत, जेथे तो उतरून विकला जाई तेथे घेतली जाणारी थळमोड, गुराढोरांच्या विक्रीवरील शिंगशिंगोटी, आणि यांच्या जोडीला कारागीर व व्यापारी यांच्या धंद्यांवर बसणारा मोहतर्फा. कर बहुधा बैलाच्या ओझ्यावर आकारला जाई, आणि प्रत्येक परगण्याची चौकी वेगळी असल्यामुळे लांबच्या प्रवासात एकाच मालावर तो अनेकदा द्यावा लागे. या अडचणीतून हुंडेकरी नावाचा एक वर्गच उभा राहिला होता. व्यापाऱ्याकडून एकदाच ठरावीक रक्कम घेऊन वाटेतल्या सर्व चौक्यांची देणी भागवण्याची हमी हे हुंडेकरी घेत आणि जकातीचे मक्तेदार त्यांच्याशी परस्पर हिशेब ठेवत. पेशवाईचा मुलूख इंग्रजांकडे आल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जो अहवाल दिला, त्यात या पद्धतीची नोंद आहे.

तथापि मराठेकालीन जकात हा नगराचा कर नव्हता, तो राज्याचा होता, ही गोष्ट पुढच्या इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. कसब्याचा किंवा पेठेचा कारभार पाहणाऱ्या शेटे-महाजनांना वतनाचे हक्क आणि मानपान होते, बाजारातील लहानसहान बाबींवर त्यांचा अधिकार चाले. परंतु जकातीचा दर ठरवणे, ती माफ करणे किंवा मक्त्याने देणे हे सर्व सरकारच्या हाती होते. नवी पेठ वसवताना व्यापाऱ्यांनी तेथे यावे म्हणून काही वर्षे जकात माफ करण्याचा कौल देण्याची जी पद्धत पेशवाईत होती, तीही सरकारची सवलत होती. वेशीवरच्या उत्पन्नावर नगराची स्वतःची मालकी ही कल्पना इंग्रजी अमदानीतली आहे, आणि तीही त्या राजवटीने आधी सगळी जकात उठवून टाकल्यानंतरची.

कंपनी सरकारने देशांतर्गत व्यापारावरील मार्गकर १८३० च्या दशकात मोडीत काढण्यास सुरुवात केली. बंगालनंतर मुंबई इलाख्यात १८३८ च्या कायद्याने हे कर गेले आणि सरकारने आपले लक्ष बंदरांवरच्या आयात-निर्यात शुल्काकडे वळवले. पाठोपाठ १८४४ च्या एकोणिसाव्या कायद्याने मुंबई इलाख्यातील नगरशुल्क, मोहतर्फा, बलुत्यांवरील कर आणि धंद्यांवरच्या सर्व पट्ट्या रद्द झाल्या. व्यापाराची मोकळीक हे त्यामागचे जाहीर तत्त्व होते. पण या कायद्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी, १८५० च्या सव्विसाव्या कायद्याने, ज्या नगरातील रहिवाशांची इच्छा असेल तेथे नगरसुधारणेसाठी समिती नेमून घरपट्टीने, नगरशुल्काने किंवा अन्य मार्गाने पैसा उभारण्याची मुभा दिली गेली. जो कर साम्राज्याच्या तिजोरीसाठी अनिष्ट ठरला होता, तोच रस्ते, दिवाबत्ती आणि गटारे यांच्यासाठी चालण्यासारखा मानला गेला.

हा कायदा ऐच्छिक होता आणि देशाच्या बहुतेक भागांत त्याचा फारसा उपयोग झाला नाही. मुंबई इलाखा मात्र त्याला अपवाद ठरला. इलाख्यातील अनेक लहानमोठ्या गावांनी तो लागू करून घेतला आणि यांपैकी बहुतेकांनी घरपट्टीला बगल देऊन जकातीचा मार्ग धरला. बंगाल आणि मद्रास या इलाख्यांतील नगरपालिका घरे व जमिनी यांवरील करांवर उभ्या राहिल्या, तर मुंबई इलाखा, पंजाब, वायव्य प्रांत आणि मध्य प्रांत येथील नगरपालिका जकातीवर. दोन प्रकारच्या नगरपालिकांतला हा फरक विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत टिकला आणि त्याची मुळे नगरसमित्यांच्या पहिल्या रचनेत आहेत. समितीत बसणारे लोक सावकार, व्यापारी, वतनदार आणि मोठ्या वाड्यांचे मालक होते. घरपट्टी बसली तर ती त्यांच्याच दारी, त्यांच्याच नावाने वसूल होणार होती. जकात मात्र धान्य, तूप, गूळ, सरपण, कडबा आणि भाजीपाला यांच्या किमतीत मिसळून जात असे आणि ती कोणी किती दिली याची नोंद कोठेही राहत नसे. सरकारलाही हे सोयीचे होते, कारण प्रत्यक्ष करांमुळे शहरांत होणारा असंतोष त्याने अनुभवला होता.

या करनिवडीत कोणाचा भार कोणावर पडला, हा प्रश्न त्याच काळात महाराष्ट्रात विचारला गेला, हे येथे आवर्जून नोंदवले पाहिजे. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणेभेटीच्या वेळी स्वागतासाठी नगरपालिकेच्या पैशातून एक हजार रुपये खर्च करण्यास त्यांनी विरोध केला आणि तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे जावा असे म्हटले. पुढे नव्या मंडईच्या खर्चिक बांधकामालाही त्यांचा विरोध होता. तीच मंडई आज त्यांच्या नावाने ओळखली जाते. ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ च्या ग्रंथात शेतकऱ्यावर चहूबाजूंनी येणाऱ्या करांचा जो हिशेब त्यांनी मांडला, त्यात जमीन महसुलाबरोबर घेतली जाणारी लोकल फंडाची पट्टी आहे आणि नगरपालिकांच्या वसुलीचीही दखल आहे. शहराच्या सोयींचा पैसा माल घेऊन येणाऱ्या खेडुताकडून घ्यायचा आणि त्या सोयी शहराच्या वरच्या थराने भोगायच्या, या अन्यायाकडे त्यांनी बोट दाखवले. जकातीविरुद्ध नंतर शंभर वर्षे जे आक्षेप घेतले गेले, ते प्रामुख्याने वाहतुकीच्या खोळंब्याचे आणि भ्रष्टाचाराचे होते. फुल्यांचा आक्षेप त्याहून मुळाशी जाणारा होता आणि त्याला नगरपालिकांनी कधीच पुरेसे उत्तर दिले नाही.

सरकारच्या दृष्टीने जकातीचा मुख्य धोका वेगळा होता. नगरात खपणाऱ्या मालावरचा कर आणि नगरातून पुढे जाणाऱ्या मालावरचा कर यांतली सीमारेषा पुसट असल्यामुळे, रद्द केलेला मार्गकर जकातीच्या रूपाने परत येईल अशी भीती हिंदुस्थान सरकारला होती. म्हणून नगरात आणून पुन्हा बाहेर पाठवलेल्या मालावरची जकात परत करण्याचा, म्हणजे परताव्याचा, नियम घातला गेला आणि केवळ वाटेवर म्हणून नगरातून जाणाऱ्या मालाला करमुक्त ठेवण्याचे आदेश निघाले. या एका नियमाभोवती नाक्याची सगळी यंत्रणा उभी राहिली. माल घेऊन येणारी गाडी नाक्यावर थांबायची, नाकेदार बीजक पाहून किंवा वजन करून दरपत्रकाप्रमाणे आकारणी करायचा आणि पावती द्यायचा. पुढे जाणाऱ्या मालासाठी अनामत रक्कम ठेवावी लागे किंवा एका नाक्यापासून दुसऱ्या नाक्यापर्यंत नगरपालिकेचा शिपाई गाडीसोबत पाठवला जाई. परतावा मिळवण्यासाठी तोच माल, त्याच स्थितीत, ठरावीक मुदतीत बाहेर गेल्याचा पुरावा द्यावा लागे, आणि तो देण्याची दगदग इतकी होती की लहान व्यापारी पुष्कळदा परताव्याचा नाद सोडून देत. त्यामुळे मार्गकर कागदावर गेला तरी व्यवहारात त्याचा अंश राहिलाच. दरपत्रकातही एक अंगभूत अडचण होती : वजनावर किंवा नगावर बसवलेला दर सोपा असे पण महागाईबरोबर वाढत नसे, तर किमतीवर बसवलेला दर वाढत असे पण मालाची किंमत ठरवण्याचे काम कमी पगाराच्या कारकुनाच्या हाती जाई, आणि तेथे लाचलुचपतीला वाव मिळे. काही नगरपालिकांनी वसुलीचा मक्ता देऊन या त्रासातून सुटका करून घेतली. विसाव्या शतकाच्या अखेरीसही काही संस्थांनी जकात वसुली खासगी ठेकेदारांकडे सोपवली, तेव्हा मराठेकालीन मक्त्याची पद्धतच नव्या करारपत्रात परत आली होती.

नगरांच्या हाती जकात होती त्याच काळात प्रांतांच्या आणि खेड्यांच्या पैशाचे काय चालले होते, हे पाहिल्याशिवाय जकातीचे मोल कळत नाही. लॉर्ड मेयो यांच्या सरकारने डिसेंबर १८७० च्या ठरावाने तुरुंग, पोलीस, शिक्षण, वैद्यकीय सेवा, रस्ते, सरकारी इमारती अशी खाती प्रांतांकडे सोपवली आणि त्यांच्यासाठी दरसाल ठरावीक रक्कम नेमून दिली. ही रक्कम आधीच्या खर्चाहून कमी होती आणि तूट प्रांतांनी स्थानिक पट्ट्यांतून भरून काढावी अशी अपेक्षा होती. अशा रीतीने भारतातील विकेंद्रीकरणाचा आरंभ तूट खाली ढकलण्यापासून झाला. या व्यवस्थेचे सर्वांत कसोशीचे विवेचन डॉ. भीमराव आंबेडकर यांनी ‘द इव्होल्यूशन ऑफ प्रॉव्हिन्शियल फायनान्स इन ब्रिटिश इंडिया’ या १९२५ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केले. प्रांतिक अर्थसंकल्पाच्या त्यांनी तीन अवस्था दाखवल्या : १८७१-७२ पासून नेमून दिलेल्या रकमांवरचा अर्थसंकल्प, १८७७-७८ पासून नेमून दिलेल्या उत्पन्नांवरचा आणि १८८२-८३ पासून वाटून घेतलेल्या उत्पन्नांवरचा. नावे बदलली तरी कायद्याने प्रांताच्या मालकीचे असे उत्पन्न नव्हते आणि हिंदुस्थान सरकारचे नियंत्रण सुटले नव्हते, हे त्यांनी कागदपत्रांच्या आधारे दाखवून दिले. खालच्या संस्थेला पैसा मिळतो की नाही, हा एक प्रश्न. तो पैसा तिला हक्काने मिळतो की वरच्याच्या मर्जीने, हा दुसरा. आंबेडकरांच्या ग्रंथाने हे दोन प्रश्न वेगळे केले आणि स्थानिक वित्ताच्या कोणत्याही चर्चेत ते आजही वेगळेच ठेवावे लागतात.

खेड्यांची स्थिती प्रांतांहूनही परावलंबी होती. मुंबई इलाख्यात १८६९ च्या लोकल फंड कायद्याने जमीन महसुलाच्या प्रत्येक रुपयावर एक आणा पट्टी बसवली. तिचा एक तृतीयांश शिक्षणासाठी आणि उरलेला मुख्यतः रस्त्यांसाठी होता. ही पट्टी कलेक्टरच्या यंत्रणेमार्फत महसुलाबरोबर वसूल होई, तिचा दर कायद्यात बांधलेला होता आणि लोकल फंड समितीला, किंवा १८८४ नंतरच्या लोकल बोर्डाला, तो आपल्या गरजेप्रमाणे वाढवता-घटवता येत नव्हता. प्रत्येक शेतकरी पट्टी भरत होता आणि शाळा मात्र थोड्याच गावांना मिळत होत्या, ही विसंगती फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात शिक्षणाच्या संदर्भात मांडली होती.

याच वर्षी लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याविषयीचा प्रसिद्ध ठराव आला. कारभाराची सुधारणा हा आपला मुख्य हेतू नसून लोकांना राजकीय शिक्षण मिळावे हा आहे, अशी त्याची भूमिका होती; शिवाय पोलिसांच्या खर्चाचा भार नगरपालिकांवरून काढून त्याबदल्यात शिक्षण व आरोग्य यांवर अधिक खर्च करण्याची अपेक्षा त्या काळात ठेवली गेली. रिपनच्या धोरणाचा गौरव योग्यच आहे, परंतु त्याने नव्या करांची दारे उघडली नाहीत. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी इंग्लंड आणि हिंदुस्थान येथील स्थानिक कारभाराची तुलना करणारा निबंध लिहिला, तो याच घडामोडींच्या काळात. गोपाळ कृष्ण गोखले तर पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष म्हणून हा व्यवहार आतून पाहिलेले होते. १९०७ मध्ये नेमलेल्या विकेंद्रीकरण आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी ग्रामपंचायतींपासून वरपर्यंत लोकनियुक्त संस्थांची मांडणी केली आणि लोकल बोर्डांची साधने त्यांच्या कामांच्या मानाने तोकडी असल्याचे दाखवून दिले. रस्ता, शाळा, दवाखाना आणि पाणी ही कामे ज्या संस्थांकडे आहेत त्यांच्याकडेच पैसा सर्वांत कमी आहे, हे सांगणारा गोखल्यांसारखा अभ्यासू माणूस सरकारला वारंवार ऐकावा लागला. पण आयोगाच्या १९०९ च्या अहवालानंतरही चित्रात फारसा फरक पडला नाही. १९१९ च्या सुधारणांनी स्थानिक स्वराज्य हे खाते लोकनियुक्त मंत्र्यांकडे गेले आणि स्थानिक संस्थांना बसवता येतील अशा करांची एक यादीही नियमांत आली. त्या यादीत जकात होती, म्हणजे नवीन काही मिळाले नसले तरी जुने कायम झाले.

मुंबई शहराची वाट या सगळ्यापासून बराच काळ निराळी राहिली. १८६५ च्या कायद्याने नेमलेले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनी शहराची मोठी सुधारणा केली, पण खर्च इतका वाढवला की १८७१ मध्ये करदात्यांनी उठाव केला आणि त्याची परिणती १८७२ च्या कायद्याने लोकनियुक्त सभासद येण्यात झाली. करदाता आणि प्रतिनिधी यांचा संबंध यापेक्षा स्वच्छ रीतीने आपल्या इतिहासात क्वचितच दिसतो, आणि तो प्रत्यक्ष कराच्या, म्हणजे घरपट्टीच्या, शहरात दिसतो हे लक्षात घेण्यासारखे आहे. फिरोजशहा मेहता यांचा ज्याच्या घडणीत मोठा वाटा होता त्या १८८८ च्या कायद्याखाली मुंबई महापालिकेचा कणा घरपट्टी हाच राहिला. त्याच्या जोडीला पाणीपट्टी, हलालखोर कर म्हणजे मैला-सफाईची पट्टी, चाकपट्टी आणि धान्य, साखर, तूप, इमारती लाकूड अशा मोजक्या मालावरील नगरशुल्क होते.

हा कणा विसाव्या शतकाच्या मध्यावर मोडला. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने घरांचे प्रमाण भाडे १९४० च्या पातळीशी बांधले आणि भाडेकरूंना युद्धोत्तर महागाईत आवश्यक असलेले संरक्षण दिले. परंतु घरपट्टीची आकारणी घराला मिळू शकणाऱ्या वार्षिक भाड्यावर, म्हणजे करयोग्य मूल्यावर, होत असल्यामुळे आणि हे मूल्य प्रमाण भाड्यापेक्षा जास्त धरता येणार नाही असे न्यायालयांनी ठरवल्यामुळे, जुन्या इमारतींपासून मिळणारे उत्पन्न गोठले. शहर वाढत होते, पगार वाढत होते, पाणी दूरच्या तलावांतून आणावे लागत होते आणि घरपट्टी जागच्या जागी होती. राज्य सरकारच्या कायद्याने महापालिकेच्या उत्पन्नाला बांध घातला आणि त्याची भरपाई महापालिकेने अन्यत्र शोधली : १९६५ मध्ये मुंबईत मोजक्या वस्तूंवरील नगरशुल्काच्या जागी सर्वसाधारण जकात आली. इतरत्र ज्या कराला कालबाह्य म्हटले जात होते तो देशाच्या सर्वांत आधुनिक शहराने त्या वर्षी नव्याने स्वीकारला. दहिसर, मुलुंड, ऐरोली, मानखुर्द येथील नाके मुंबईच्या भूगोलाचा भाग झाले, आणि मुलुंडचा चेकनाका कर गेल्यानंतरही पत्त्यात राहिला आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या राज्यघटनेने स्थानिक संस्थांसाठी करांची वेगळी यादी केली नाही. नगराच्या हद्दीत येणाऱ्या मालावरचा कर राज्यसूचीच्या ५२ व्या नोंदीत, जमीन व इमारती यांवरचा ४९ व्या नोंदीत आणि व्यवसाय कर ६० व्या नोंदीत गेला. म्हणजे हे कर राज्यांचे झाले आणि राज्य देईल तितके नगरांना मिळू लागले. १९२४-२५ च्या करचौकशी समितीपासून १९५३-५४ च्या जॉन मथाई आयोगापर्यंत जकातीवर टीका होत राहिली, पण तिच्या तोडीचा पर्याय कोणी हाती दिला नाही. शहरी संस्थांच्या उत्पन्नवाढीचा विचार करण्यासाठी महाराष्ट्राचे मंत्री रफिक झकेरिया यांच्या अध्यक्षतेखाली जी समिती काम करत होती, तिने १९६३ मध्ये पाणी, रस्ते, दिवाबत्ती अशा सेवांसाठी दरडोई किती खर्च यावा याचे मानदंड बांधून दिले. ते मानदंड पुढे अनेक दशके उद्धृत होत राहिले, कारण बहुतेक नगरपालिका त्यांच्या जवळपासही पोहोचू शकल्या नाहीत.

दरम्यान नगरांचे लहान कर एकेक करून राज्याकडे गेले. १९३५ च्या मुंबई मोटार वाहन कर कायद्याने मोटारींवरील स्थानिक चाकपट्टी आणि पथकर यांच्या जागी प्रांताचा एकच कर आला आणि स्थानिक संस्थांना भरपाई मिळाली. मोटारी ज्या गतीने वाढल्या त्या गतीने भरपाई वाढली नाही. १९७५ मध्ये महाराष्ट्राने व्यवसाय कर स्थानिक संस्थांकडून आपल्याकडे घेतला आणि त्याचे उत्पन्न रोजगार हमी योजनेला जोडले. दुष्काळी महाराष्ट्रात लक्षावधी लोकांना काम देणाऱ्या त्या योजनेचे महत्त्व वादातीत आहे, आणि म्हणूनच तिचा भार उचलणाऱ्या नगरांना त्याबदल्यात दुसरा कर मिळायला हवा होता, ही बाब त्या वेळी कोणाच्या डोळ्यांपुढे फारशी राहिली नाही.

परिणामी जकातीवरचे अवलंबन वाढतच गेले. अनेक महापालिकांच्या उत्पन्नाचा निम्म्याच्या आसपास हिस्सा तिचा झाला. पिंपरी-चिंचवड हे याचे ठळक उदाहरण होय : १९७० मध्ये नवनगरपालिका म्हणून सुरू झालेली आणि १९८२ मध्ये महापालिका झालेली ही संस्था मोटार उद्योगाच्या मालावरील जकातीमुळे आशियातील श्रीमंत नगरसंस्था म्हणून ख्यात झाली. कारखाने नसलेल्या लहान नगरपालिकेला ही भरभराट कधीच लाभली नाही. जकातीने नगरांना स्वातंत्र्य दिले, पण समता दिली नाही. उत्पादनाच्या आणि व्यापाराच्या वाटांवर वसलेली गावे पोसली गेली आणि आडबाजूची गावे अनुदानावर राहिली. तरीही एक गोष्ट जकातीच्या बाजूने निःसंकोच सांगितली पाहिजे. तिचा पैसा रोज येत असे, तो नगराच्या स्वतःच्या खात्यात जमा होत असे आणि दर वाढवावा की कमी करावा यावर स्थायी समितीत व सर्वसाधारण सभेत वाद होत असे. शासकीय मंजुरीच्या मर्यादेत का होईना, सभासद ज्या पैशावर बोलत होते तो त्यांचा होता.

जकात हटवण्याची लाट मध्य प्रदेशात १९७६ मध्ये आणि कर्नाटकात १९७९ मध्ये आली. महाराष्ट्राने नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये रद्द करून त्यांना सहायक अनुदान लागू केले. त्याच वर्षी पाकिस्ताननेही आपल्या नगरांची जकात आणि जिल्हा कर रद्द करून विक्रीकरात अडीच टक्क्यांची वाढ केली आणि तीतून स्थानिक संस्थांना भरपाई देण्याची व्यवस्था लावली. युरोपात हा प्रश्न आधी सुटला होता : बेल्जियमने १८६० मध्ये नगरांच्या वेशीवरचे कर उठवले तेव्हा राष्ट्रीय करांच्या ठरावीक हिश्शातून नगरांसाठी एक सामाईक निधी कायद्याने उभा केला. भरपाई देणे आणि करांतील वाटा देणे यांत जो भेद आहे तो येथे स्पष्ट होतो, कारण वाटा करांच्या उत्पन्नाबरोबर आपोआप वाढतो आणि भरपाईचा आकडा मात्र वर्षानुवर्षे मागून घ्यावा लागतो.

महाराष्ट्रातील महापालिकांमध्ये जकातीची जागा टप्प्याटप्प्याने स्थानिक संस्था कराने घेतली. २०१० मध्ये काही महापालिकांपासून सुरुवात होऊन १ एप्रिल २०१३ ला हा कर पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत पोहोचला. यात नाके नव्हते. व्यापाऱ्याने आपल्या हिशेबवह्यांच्या आधारे खरेदीवरचा कर स्वतः भरायचा होता. वाहतुकीच्या खोळंब्याचा जुना आक्षेप यामुळे निकालात निघाला, तरी व्यापाऱ्यांनी २०१३ च्या उन्हाळ्यात दुकाने बंद ठेवून तीव्र विरोध केला, कारण वह्यांची तपासणी महापालिकेच्या अधिकाऱ्यांकडे जाणार होती. १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींपेक्षा कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांना या करातून वगळण्यात आले आणि महापालिका पुन्हा अनुदानाकडे वळल्या. नगराच्या स्वतःच्या कराची आधुनिक, नाक्याविना चालणारी आवृत्ती उभी करण्याचा तो एकमेव गंभीर प्रयत्न होता आणि मोठ्या शहरांत त्याला स्थिरावायला अडीच वर्षेही मिळाली नाहीत, याची खंत वाटल्याशिवाय राहत नाही.

मुंबईची जकात सर्वांत शेवटी, वस्तू व सेवा कर लागू होताना, ३० जून २०१७ च्या मध्यरात्री संपली. ज्या १०१ व्या घटनादुरुस्तीने नवा कर आला, तिनेच राज्यसूचीतील ५२ वी नोंद वगळली. त्यामुळे उद्या एखाद्या राज्याला किंवा नगराला जकात परत आणावीशी वाटली तरी घटनेत तिला जागा उरलेली नाही. महाराष्ट्राने याबाबत इतर राज्यांपेक्षा अधिक जबाबदारी दाखवली, हे मान्य केले पाहिजे : २०१७ च्या स्वतंत्र कायद्याने २०१६-१७ चे उत्पन्न पायाभूत धरून दरसाल आठ टक्के चक्रवाढीने महापालिकांना भरपाई देण्याचे ठरले आणि जुलै २०१७ मध्ये मुंबईला सुमारे ६४७ कोटी रुपयांचा पहिला हप्ता मिळाला. कायद्याने बांधलेली भरपाई ही मर्जीच्या अनुदानापेक्षा निश्चितच बरी आहे. पण तिचा दर राज्याच्या विधिमंडळाने ठरवलेला आहे आणि तो बदलण्याचा अधिकारही त्याच विधिमंडळाचा आहे. आंबेडकरांनी नेमून दिलेल्या रकमांवरचा अर्थसंकल्प म्हणून १८७१ ची जी अवस्था ओळखली होती, तिच्याशी या रचनेचे साम्य डोळ्यांआड करता येत नाही.

१९९२ च्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी पंचायतींसाठी २९ आणि नगरपालिकांसाठी १८ विषयांच्या याद्या घटनेत आणल्या, दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमणे बंधनकारक केले, परंतु करांची अशी एकही यादी स्थानिक संस्थांच्या नावे केली नाही. आज नगरांच्या हाती उरलेला मोठा कर मालमत्तेवरचा आहे. मुंबईने २०१० पासून त्याची आकारणी भाड्याऐवजी भांडवली मूल्यावर सुरू करून भाडे नियंत्रणाची जुनी कोंडी फोडली, पण २०२२ मध्ये पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना करमाफी देण्यात आली आणि शहरातील फार मोठा वर्ग या कराच्या कक्षेबाहेर गेला. त्याच वर्षी मार्च महिन्यात मुंबई महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढे दीर्घकाळ निवडणुका न झाल्यामुळे देशातील सर्वांत मोठा नगर-अर्थसंकल्प प्रशासकाने मांडला आणि प्रशासकानेच मंजूर केला. १८७१ मध्ये मुंबईच्या करदात्यांनी कमिशनरच्या खर्चाचा जाब मागितला होता, तो आपल्या खिशातून गेलेल्या घरपट्टीच्या बळावर; २०२२ नंतरच्या त्या वर्षांत भरपाईचे पैसे राज्याकडून येत राहिले, खर्च होत राहिला, आणि स्थायी समितीची एकही बैठक भरली नाही.